पहिल्यांदा ‘हेअर’ होताना: हॅशची ट्रेल कशी टाकावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या हिवाळ्यात नोकरीसाठी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात आलात, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर तीन-चार वेळा हॅशला, म्हणजे पिठाच्या खुणांचा माग काढत घोळक्याने पळायच्या खेळाला, गेलात, आवडलं. आता जूनमधल्या एका बुधवारी ट्रेल टाकायची, म्हणजे ती खुणांची वाट आखायची, पाळी तुम्हा दोघांवर आली आहे. सुरुवात कोल्डहार्बरच्या पबपासून, शेवटही तिथेच, आठेक किलोमीटर. तुम्ही हळू पळता, दारू पीत नाही, आणि पीठ किती लागतं इथपासून पबमध्ये कसं वागायचं इथपर्यंत सगळंच विचारलं आहे.

मी याच टेकड्यांमध्ये बावीस वर्षं हॅशला जाते आहे आणि चाळीसेक ट्रेल टाकल्या आहेत. सगळ्यात आधी एक सांगते. तुम्ही हळू पळता, ही हेअरसाठी, म्हणजे ट्रेल टाकणाऱ्यासाठी, फार चांगली गोष्ट आहे. ट्रेलची परीक्षा एकच असते. सगळ्यात पुढे पळणारा पोरगा आणि सगळ्यात मागून चालत येणाऱ्या सत्तरीतल्या बाई, दोघं पाच-दहा मिनिटांच्या अंतराने पबच्या दारात आले पाहिजेत. जो नेहमी पुढे असतो त्याला मागे काय घडतं ते कधी दिसतच नाही. तुम्हाला ते दिसलेलं आहे.

हे असं का, हे कळायला थोडा इतिहास पुरे. इंग्लंडमधल्या शाळांत ‘हेअर अँड हाउंड्स’ हा खेळ जुना. एक-दोन मुलं ससा होऊन कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची, बाकीची शिकारी कुत्री होऊन माग काढायची. १९३८ मध्ये क्वालालंपूरला ए. एस. गिस्पर्ट या हिशेबनीसाने, सेसिल ली वगैरे मित्रांना घेऊन, नोकरदार माणसांसाठी तोच खेळ संध्याकाळी सुरू केला. ज्या सेलंगोर क्लबच्या इमारतीत ते जेवत, तिथल्या तेच-ते जेवणामुळे तिला ‘हॅश हाउस’ म्हणत. हॅश म्हणजे उरलंसुरलं मांस आणि बटाटे चिरून केलेला पदार्थ. (घरी फोनवर सांगताना हा अर्थ आधी सांगा. माझ्या आईने हा शब्द चरसशी जोडला होता आणि दोन दिवस तिला झोप लागली नव्हती.) गिस्पर्ट १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर मित्रांनी हॅश पुन्हा उभा केला आणि १९५० मध्ये संस्था म्हणून त्याची नोंदणी करताना चार उद्देश लिहून दिले: तब्येत राखणं, शनिवार-रविवारची नशा उतरवणं, चांगली तहान लागू देऊन ती बिअरने भागवणं, आणि वय झालेल्या सभासदांना आपण वाटतो तेवढे म्हातारे नाही हे पटवणं. त्यात जिंकण्याचा शब्द नाही. पुढे १९६२ मध्ये सिंगापूरला शाखा निघाली आणि मग जगभर पसरल्या. त्यांना मुख्यालय नाही. दर दोन वर्षांनी मोठा मेळावा भरतो, तो २००२ मध्ये आपल्या गोव्यात भरला होता.

आता चेककडे येते, कारण सगळं कौशल्य तिथेच आहे.

चेक म्हणजे पिठाचं वर्तुळ. तिथे माग तुटतो आणि पुढची वाट कुठल्याही दिशेला असू शकते. पुढचे पळणारे चारी वाटांवर पांगतात, शोधतात, चुकतात, परत येतात. तेवढ्यात मागचे चालत चेकपर्यंत पोचतात. कोणाला तरी खरी वाट सापडते, ‘ऑन ऑन’ची हाक येते, आणि बहुतेक वेळा ती वाट नेमकी मागच्यांच्या जवळून जात असते. म्हणजे चेक हे घड्याळ आहे. वेगवान माणसाची मिनिटं काढून ती हळू माणसाला द्यायची, हे त्याचं काम. तुमचे सहकारी म्हणतील, गंमत म्हणून दोन-चार चेक टाकू. तसं करू नका. आठ किलोमीटरला आठ ते दहा चेक लागतात आणि प्रत्येकाची जागा विचार करून ठरवावी लागते.

पहिला चेक निघाल्यापासून चारशे मीटरच्या आत असू द्या. सगळे एकत्र असतात, गप्पा चालू असतात, आणि घोळका तिथेच फुटला तर पुढे जुळत नाही. चेक अशा जागी हवा की जिथे खरोखर चार-पाच वाटा फुटतात आणि मागून येणाऱ्याला तो लांबून दिसतो. खोट्या वाटेवर एक-दोन मुठी पीठ टाकून मग ती तोडायची. आमच्या भागात सलग तीन मुठी दिसल्या तर वाट खरी असं बहुतेक लोक धरतात, पण दर हॅशचा हिशेब वेगळा असतो. म्हणून तुमच्या हॅशची पद्धत आधी विचारा आणि सुरुवातीच्या सूचनांमध्ये मोठ्याने सांगा. खोटी वाट दोनशे मीटरच्या पुढे कधीही नेऊ नका. आणि माझा एक ठाम नियम आहे: खोटी वाट उताराने खाली नेऊन माणसांना पुन्हा वर चढायला लावायचं नाही. चढावर फसलेला माणूस हसत खाली येतो, उतारावर फसलेला चिडून वर येतो आणि ती चीड पबपर्यंत टिकते.

बाकीच्या खुणाही याच कामाच्या. ‘फिश हुक’ म्हणजे आकडीची खूण आणि शेजारी आकडा. ५ लिहिलं असेल तर पहिल्या पाच जणांनी परत जाऊन सगळ्यात मागच्या माणसाला गाठायचं आणि त्याच्याबरोबर यायचं. ही माझी सगळ्यात लाडकी खूण, कारण मागच्या माणसाला एकाएकी सोबत मिळते. ‘रीग्रुप’ म्हणजे सगळे जमेपर्यंत थांबा. तो चढाच्या माथ्यावर ठेवा, आणि शेवटचा माणूस आल्याआल्या निघू नका. तो आल्यावर पूर्ण दोन मिनिटं थांबा. नाहीतर ज्याला विश्रांती हवी तोच विश्रांतीशिवाय राहतो. पॅकमधल्या, म्हणजे पळणाऱ्या घोळक्यातल्या, हाका तुम्हाला ठाऊक आहेत: मागून ‘आर यू?’ (वाट सापडली का?), पुढून ‘चेकिंग’ किंवा ‘ऑन ऑन’. खरी वाट सापडली की कोणीतरी चेकच्या वर्तुळावर बुटाने त्या दिशेला रेघ ओढायची असते. हे काम पुष्कळदा राहून जातं आणि मागचे चार लोक हरवतात. म्हणून दोघा हेअरपैकी एकाने कायम शेवटच्या माणसाबरोबर राहायचं. ते तुम्ही व्हा. दुसऱ्याने मध्ये राहायचं. पुढे कोणाचीच गरज नसते.

ट्रेलचा आकार नकाशावर सरळ गोल काढू नका. गोलात एकदा मागे पडलेला मागेच राहतो. ती चकलीसारखी वळवा, म्हणजे वेढे एकमेकांच्या जवळून जातील. पुढचे मोठा वेढा घालून येईपर्यंत मागचे छोट्या पायवाटेने कापून पुढच्या वेढ्यावर येतात, आणि कोणालाही कमीपणा वाटत नाही, कारण कापून येणं हाही हॅशमध्ये रीतसर खेळ आहे. ट्रेलवरची कुठलीही जागा पबपासून अडीच किलोमीटरच्या आत राहील असं बघा. कोणाचा पाय मुरगळला तर ते अंतर चालवत आणता येतं. अशा ट्रेलवर पुढचे दहा-अकरा किलोमीटर पळतात, चालणारे सहाएक चालतात, आणि खरी ट्रेल आठची असते.

रेकीला, म्हणजे आधी वाट बघायला, दोनदा जा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १४६ नंबरचा नकाशा घ्या. १:२५,००० प्रमाणाच्या त्या नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी सार्वजनिक वाटा दाखवलेल्या असतात. इथे ‘फुटपाथ’ म्हणजे शेतातून, रानातून जाणारी पायी चालायची हक्काची वाट. तिच्या खांबावर पिवळा बाण असतो. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, त्यावर घोडे आणि सायकलीही येतात. लीथ हिल या टेकडीच्या बाजूला रान नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं आहे, त्यांना आधी कळवून परवानगी घ्या. शेतांमध्ये मात्र नकाशावरची वाट सोडायची नाही. पीक उभं असेल तर एका ओळीत. मेंढ्या-गाई असतील तर फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद तर बंद, उघडं तर उघडं. वासरं बरोबर असलेल्या गाई माणसापेक्षा कुत्र्यावर जास्त धावून येतात, आणि हॅशमध्ये चार-पाच कुत्री हमखास असतात. ते शेत टाळून दुसरी वाट मिळत असेल तर टाळाच.

कोल्डहार्बरहून निघताना तुमचं नशीब चांगलं आहे. गावातून वर जाणाऱ्या गाडीवाटेने चढलं की रानात एकदम क्रिकेटचं मैदान लागतं. चहूकडे झाडं आणि मध्ये कापलेलं हिरवं गवत, पहिल्यांदा बघताना मी थांबलेच होते. त्याच्या कडेला वाटांचं जाळं आहे, तिथे एक चेक हवाच. (मैदानातून पळवू नका, कडेने न्या.) पुढे लीथ हिल, २९४ मीटर, आणि तिथे रिचर्ड हल याने १७६५ च्या सुमारास बांधलेला मनोरा. रीग्रुपला यापेक्षा चांगली जागा नाही. दक्षिणेला साउथ डाउन्सपर्यंतचा सपाट मुलूख दिसतो, हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला लंडनच्या उंच इमारती. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठच्या सुमारास वर पोचलात तर उजेड तिरका आणि सोनेरी झालेला असतो. लोक गप्प होतात. तिथे घाई करू नका. पण मनोऱ्यावरून दक्षिणेच्या तीव्र उताराने खाली उतरवायचा मोह आवरा. खाली चिकणमाती आहे, पावसानंतर बूट धरून ठेवते, आणि तेवढंच सगळं पुन्हा चढून यावं लागतं.

आता पीठ. दुकानात ‘plain flour’ म्हणून मिळतो तो मैदा, सगळ्यात स्वस्त असेल तो. आपली चपातीची कणीक चालत नाही, तिचा रंग वाळलेल्या पाल्यात आणि मातीत मिसळून जातो. घरात रांगोळीचा डबा असेल तर तोही नको, ती दगडाची पूड आहे आणि रानात तशीच पडून राहते. मैदा पावसात विरतो, गोगलगायी खातात, दोन-चार दिवसांत नामोनिशाण उरत नाही, म्हणूनच तो वापरायचा. हिशेब असा: पन्नास मीटरला एक मूठ, एका मुठीत तीसेक ग्रॅम. आठ किलोमीटरला १६० मुठी, म्हणजे जवळजवळ पाच किलो. खोट्या वाटा आणि चेक धरून सहा किलो. दीड किलोच्या चार पिशव्या. नेण्यासाठी चार पाइंटांची दुधाची प्लास्टिकची बाटली घ्या, पकडायच्या कडीच्या वरचा भाग तिरका कापा आणि कडी तशीच ठेवा. एका हातात बाटली लटकते, दुसरा हात आत जातो. पिशवीत हात घालून चालण्यापेक्षा दुपटीने लवकर होतं.

मूठ सोडायची पद्धत रांगोळीच्या उलटी आहे. चिमटीतून रेघ सोडली तर गवतात दिसत नाही. मूठभर पीठ कमरेच्या उंचीवरून एकदम पाडायचं, म्हणजे तळव्याएवढा पांढरा ठिपका बसतो. वाटेच्या मध्ये टाकलात तर सायकली आणि बूट तो पुसतात, म्हणून कडेला, झाडाच्या मुळाशी, झुडपांच्या पानांवर. पाऊस यायचा रंग असेल तर झुकलेल्या खोडाच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, जोरात फेकून मारा. सालीच्या भेगांत बसलेलं पीठ सरीतही टिकतं. लीथ हिलच्या वाटांवर फिकट वाळू आहे, तिच्यावर पांढरं दिसत नाही, तिथे नेच्याच्या पानांवर टाका. पुढे कधी बॉक्स हिलला ट्रेल टाकलीत तर तिथली जमीनच खडूची पांढरी आहे, तिथे वाटेवर पीठ म्हणजे न टाकल्यासारखंच.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. सहाव्या की सातव्या ट्रेलला मी पीठ सकाळी दहा वाजता टाकलं, संध्याकाळची धावपळ नको म्हणून. मधलं एक कुरण तेव्हा रिकामं होतं. दुपारी शेतकऱ्याने त्यात गाई सोडल्या. संध्याकाळी तीस माणसं त्या कुरणाच्या फाटकाशी आली तर आत एकही ठिपका नाही, आणि अगदी फाटकाजवळची एक गाय मान खाली घालून शेवटची मूठ चाटत होती. नाकपुड्यांभोवती पांढरी कड, जीभ गवताच्या मुळांपर्यंत जाऊन परत येत होती. मी मागे होते, माझ्यापर्यंत निरोप यायला पाव तास गेला. तेवढ्या वेळात पुढचे सहा जण अंदाजाने भलत्याच दरीत उतरले होते. ऑक्टोबरचे दिवस, अंधार पडत आलेला, खाली फोनला रेंज नाही. ते सापडेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. तेव्हापासून तीन गोष्टी कधीच सोडल्या नाहीत. पीठ दुपारी तीननंतरच टाकायचं. गुरांच्या कुरणात वाट सरळ असेल तर आतली खूण न ठेवता फाटकाच्या खांबाशी बाण काढायचा. आणि निघताना माणसं मोजायची, रीग्रुपला मोजायची, पबच्या दारात मोजायची. जूनमध्येही पाठीवर एक टॉर्च आणि शिटी असू द्या.

वस्तीत पीठ टाकताना एक काळजी घ्या. अमेरिकेत न्यू हेवनला २००७ मध्ये एका दुकानाच्या पार्किंगमध्ये टाकलेल्या पिठाला लोकांनी घातक पूड समजून पोलीस बोलावले होते आणि ट्रेल टाकणाऱ्या दोघांवर गुन्हा दाखल झाला होता. दुकानं, स्टेशनं, शाळा यांच्याजवळ पीठ नको, तिथे खडूने बाण काढा. कोणी विचारलं तर थांबून नीट सांगा. इथले लोक बहुधा ‘अच्छा, हॅश!’ म्हणून हसतात.

ट्रेलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात एक ‘स्वीटी स्टॉप’ ठेवा, म्हणजे खाऊचा थांबा. बाकीचे हेअर चॉकलेटं वाटतात. मी चिक्की आणि शंकरपाळी नेते आणि आता लोक माझ्या ट्रेलला त्यासाठी येतात. शेंगदाण्याचं मात्र विचारून द्या, इथे ॲलर्जी असलेले पुष्कळ असतात. त्यानंतर सगळी वाट सोपी आणि उताराची ठेवा, आणि पबच्या दोनशे मीटर अलीकडे ठळक अक्षरांत ‘ऑन इन’, म्हणजे पब आलाच, असं लिहा.

पबच्या मालकाशी दोन आठवडे आधी बोला. पस्तीस-चाळीस माणसं चिखलाने भरून साडेआठला येणार हे त्यांना आधी कळलं तर ते आनंदाने वाट बघतात, न कळता आलात तर बारमागे एकच माणूस असतो. गाड्या कुठे लावायच्या, बाहेर गोल करून गाणी म्हटली तर शेजाऱ्यांना चालेल का, आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, हे तीन प्रश्न विचाराच. नऊला बंद होणार असेल तर निघण्याआधीच कोणाला काय खायचं ते कागदावर लिहून आत द्या. आपल्यापैकी शाकाहारी असतील त्यांच्या पोटासाठी हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर रात्री फक्त वेफर्स उरतात. चिखलाचे बूट गाडीत काढायचे, दुसरे घालून आत जायचं.

दारू पीत नाही, हा अडथळा अजिबात नाही. बारशी जाऊन स्वतःच मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे, टेबलाशी कोणी येत नाही. ‘लाइम अँड सोडा’ मागा, मोठ्या ग्लासात मिळतो आणि स्वस्त असतो. आता बिनअल्कोहोलची बिअरही बहुतेक ठिकाणी असते. इथे एकाने सगळ्यांसाठी आणायचं आणि मग पाळीपाळीने, ही ‘राउंड’ची रीत आहे. त्यात शिरलात तर तुमचीही पाळी येते. शिरायचं नसेल तर सुरुवातीलाच ‘मी माझं घेतो’ म्हणा, कोणाला राग येत नाही. जे बिअर घेतात आणि गाडी चालवणार आहेत त्यांच्यावर मात्र हेअर म्हणून लक्ष ठेवा. इथला पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो आणि पळून आल्यावर रिकाम्या पोटी पटकन चढतो.

मग सर्कल. सगळे गोल उभे राहतात, ट्रेलवरचे गुन्हे वाचले जातात, नवे बूट घातले, वाट चुकवली, फोनवर बोलत पळाला, असले. ज्याचं नाव निघेल त्याने मध्ये येऊन गाणं संपेपर्यंत ग्लास रिकामा करायचा. याला ‘डाउन-डाउन’ म्हणतात. पहिला मान हेअरचा, म्हणजे तुमचा. सर्कल चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवा की तुमच्या ग्लासात पाणी असेल. मी पहिली पाच वर्षं पाण्याचीच डाउन-डाउन घेत होते. बावीस वर्षांत कोणी पाण्यावरून मला अडवलेलं नाही. काही हॅशमध्ये गाणी फार चावट असतात. मला ती आवडत नाहीत आणि मी तसं तोंडावर सांगते. अशा वेळी कडेला उभं राहिलं तरी चालतं, आणि तुमचा हॅश मुलाबाळांना घेऊन येणारा असेल तर तो प्रश्नच नाही.

सर्कलमध्ये कोणीतरी तुमच्या ट्रेलला शिव्या घालेलच, ती रीत आहे. तिकडे लक्ष देऊ नका. त्याऐवजी मागून चालत आलेल्या बाईंजवळ जाऊन बसा आणि विचारा, कुठल्या चेकला एकटं पडल्यासारखं वाटलं? त्या जे सांगतील ते नकाशावर लिहून ठेवा. दुसऱ्या ट्रेलला तोच नकाशा उपयोगी पडतो.

पहिली रेकी येत्या रविवारीच करा, सहकाऱ्याशिवाय, एकट्याने आणि चालत. मनोऱ्यापर्यंत तुम्हाला किती मिनिटं लागतात ते लिहून घ्या. तुमची चालण्याची ती मिनिटं धरून मग चेक कुठे पडायला हवेत ते ठरवा.